चिरलेला हंडा

“…आणि मग त्या हंड्याचा दोष तुम्ही स्वतःच्या नावावर का घेतलात, अण्णा?”

मोरेश्वरनं दारातूनच विचारलं. एसटीत पाच तास घोकत आणलेलं सगळं बोलणं त्यानं उंबरठ्यावर उभं राहून म्हणून टाकलं होतं. हा त्यातला शेवटचा प्रश्न.

आत धोंडूअण्णा त्याच्याकडे पाठ करून तांब्याची घागर ठोकत बसले होते.

ठोके चालूच राहिले.

मोरेश्वरला राग आला. शहरात त्याचा भांड्यांचा कारखाना होता, हाताखाली चौदा कारागीर होते, भिंतीवर सन्मानपत्रं होती. तो खोलीत शिरला की बसलेली माणसं उठत. कुणाच्या पाठीशी बोलायची सवय त्याला राहिली नव्हती.

तसा रागवायचा त्याला काही हक्क नव्हता. सतरा वर्षं तो याच खोलीत शिकला. वडील गेल्यावर अण्णांनी त्याला घरात घेतलं, काकूंनी जेवू घातलं, अण्णांनी हातोडी कशी धरायची ते दाखवलं. शिकण्याच्या सहाव्या वर्षी देवळाचा मोठा हंडा ठोके घालून मठारताना त्याच्या हातून गळ्यापाशी चिरला. पंच जाब विचारायला आले तेव्हा अण्णा म्हणाले, माझा हात चुकला. देवळाचं काम त्या दिवशी त्यांच्याकडून गेलं ते कायमचं.

मोरेश्वर तेव्हा कोपऱ्यात उभा होता. तो काही बोलला नाही.

पुढं अकरा वर्षं त्याच खोलीत राहून बोलला नाही. मग शहरात गेला, आणि तिथं वीस वर्षं नुसतंच मनाशी म्हणत राहिला, की एकदा जाऊन सांगायला हवं.

आज सांगितलं, तर म्हाताऱ्यानं मानसुद्धा वळवली नाही.

तो पुढं झाला आणि त्यानं अण्णांच्या खांद्याला हात लावला. अण्णा केवढ्यानं तरी दचकले. वळून बघितलं, डोळे बारीक केले, आणि मग सगळा चेहरा हसला.

“मोऱ्या.”

आवाज अगदी बारीक होता. मोरेश्वरनं पुन्हा पहिल्यापासून बोलायला घेतलं, तेव्हा अण्णांनी कानाकडे बोट करून नकारार्थी हात हलवला.

“पाच वर्षं झाली,” ते म्हणाले. “दोन्ही गेले.”

जन्मभर हातभर अंतरावर ठोके पडत असतात, तांबटाचे कान जातातच. मोरेश्वरला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण अण्णांचेही जातील हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं. ते आहेत तसेच बसून आपली वाट बघत असतील, असं त्यानं खुशाल गृहीत धरलं होतं.

तो वाकला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, की हंडा मी चिरला होता, मी गप्प बसलो, माझं चुकलं.

“ओरडू नकोस,” अण्णा म्हणाले. “शेजाऱ्यांना कळेल. मला नाही.”

लिहून दाखवावं, तर अण्णांना अक्षर येत नव्हतं. काकू असत्या तर त्यांनी खुणा करून सगळं पोचवलं असतं, अगदी रागेजलेलं आणि रडलेलंसुद्धा. पण त्या गेल्या दिवाळीच्या आधीच गेल्या होत्या. त्यांचा फोटो भिंतीवर होता. दोन वेळा एक बाई डबा ठेवून जात असे, इतकंच. तिला अण्णांशी बोलायचं कधी कारण पडत नसे.

अण्णा मात्र बोलायला आसुसलेले दिसले. त्यांनी मोरेश्वरचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“येताना ऐकलं असशील,” ते म्हणाले. “आळीत किती हातोड्या चालू आहेत?”



अण्णांचे गुडघे गेले होते. त्यांनी हा उंबरठा कधीचा ओलांडला नव्हता. काकू होत्या तोवर रोज भाजी घेऊन आल्या की दारातूनच तितकी बोटं दाखवायच्या. पाच. मग चार. शेवटी शेवटी तीन. त्यानंतर त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

मोरेश्वर नुकताच त्या आळीतून चालत आला होता. झेरॉक्सचं दुकान, प्लॅस्टिकच्या बादल्या, वड्याची गाडी. पूर्वी इथं एखाद्या घरचा ठोका बंद पडला की शेजारी हातातलं काम टाकून डोकावून जायचे, काय झालं म्हणून.

तीन बोटं दाखवणं सोपं होतं. त्याची बोटं उघडलीसुद्धा…

मग त्यानं दोन मिटली. उरलेलं एक अण्णांच्या छातीला टेकवलं.

अण्णांनी त्या बोटाकडे बघितलं.

“बरं,” ते म्हणाले.

मोरेश्वरनं पिशवीतून शाल काढली आणि त्यांच्या खांद्यांवर घातली. नारळ समोर ठेवला. अण्णांनी शाल बोटांनी चाचपून बघितली, काढली, चार पदरी घडी केली आणि आपल्या जागेवर अंथरली. स्वतः सरकत सरकत घागरीच्या पलीकडे गेले.

“बस.”

हातोडी त्यांनी त्याच्यापुढं धरली. स्वतःचा तळवा घागरीच्या दुसऱ्या अंगाला टेकवला आणि डोळे मिटले.

मोरेश्वरनं आठ वर्षांत हातोडी धरली नव्हती. धरणारे चौदा जण होते. पहिले चार ठोके भलतीकडे पडले. पाचवा ओळीत आला, सहावा त्याच्या शेजारी. मग मनगटाला आपोआप आठवलं. एक ओळ झाली, दुसरी झाली. घागर फिरत होती, तिच्याबरोबर अण्णांचा तळवा सरकत होता. मोरेश्वरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळं ते पुसायचं राहून गेलं.

ओळी चढत चढत गळ्यापाशी आल्या.

“इथं आलास की हात जड होतो तुझा,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले. “हंड्याच्या वेळी असाच पडला होता.”

मोरेश्वरच्या हातून हातोडी सुटली. त्यानं अण्णांचे पाय धरले, कपाळ त्यांवर टेकलं, आणि एकतीस वर्षांचं साचलेलं सगळं बोलायला लागला. तुम्ही होता म्हणून मी आहे, अण्णा. तुम्ही पाठीशी उभे राहिलात म्हणून…

आळीतून कुणी डोकावलं नाही.

अण्णांचा तळवा अजून घागरीवरच होता. तो थोडा वर सरकला, खाली आला, काहीतरी शोधत राहिला.

“थांबू नकोस,” ते म्हणाले. “तू थांबलास की मला काही ऐकू येत नाही.”