एकविसावा अनारसा

"वीस अनारसे सहा मानकऱ्यांत वाटता येत नाहीत? वाटून दाखव, नाहीतर चूल सोडून चालता हो!"

अंबेरीगडचे राजेसाहेब म्हाताऱ्या हैबती आचाऱ्यावर कडाडले. राणीसाहेबांच्या माहेरून दिवाळीची परडी आली होती आणि गडाची रीत मोठी कडक! प्रत्येक मानकऱ्याला अनारसा मिळायचाच, वरच्याला खालच्यापेक्षा जास्त, आणि अनारसा मोडायचा नाही.

हैबतीने दहा वेळा वाटून पाहिले, दहा वेळा फसला. चाळीस वर्षांची चूल सुटली तर या वयात जायचे कुठे? त्याची तगमग सगुणाला, त्याच्या लेकीला, बघवेना. ती पदर खोचून पुढे आली.

"सरकार, मी वाटते. पण आधी सांगा, सगळ्यांत खालच्या तुळाजीरावांना एकापेक्षा कमी देता येईल?"

"एकापेक्षा कमी म्हणजे काय, नुसता वास द्यायचा?"

"मग त्यांच्या वरच्यांना दोन तरी हवेत. पुढे तीन, चार, पाच." सगुणा एकेका पानावर मांडत गेली. थोरले निंबाजीराव छाती काढून उभे होते, आणि परडीत उरले पाचच!

"यांना सहा हवेत. कुणाचाही एक कमी केला तर रीत मोडते. एकविसाच्या आत ही वाटणी ब्रह्मदेवालाही जमायची नाही, सरकार! माहेरच्यांनी एकवीसच धाडले असणार."

"मग एकविसावा तुझ्या बापाने खाल्ला!"

"आबांच्या तोंडात दात कुठे आहेत? आणि खसखस तर..." सगुणाने राजेसाहेबांच्या मिशीकडे पाहिले आणि पटकन मान खाली घातली.

राजेसाहेबांचा हात मिशीवर गेला. वैद्यबुवांनी महिनाभर गोड बंद केले होते. तेही शेजारीच उभे होते आणि आता डोळे वटारून बघत होते.

"जमली वाटणी!" सगुणाने परडीतले पाच निंबाजीरावांच्या पानावर मांडले आणि तुळाजीरावांच्या पानावरचा अनारसा उचलून त्यांत ठेवला. "दोन, तीन, चार, पाच, सहा. झाले वीस! आणि एकाच्या जागी उभे राहायचे सरकारांनी. ज्याने एक खाल्ला, त्याचा मान एकाचा!"

हैबतीने तर डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात रिकाम्या पानावरून तुळाजीराव उसळले, "माझा वाटा खुद्द सरकारांच्या पोटात गेला! एवढा मान आजवर कुणाला मिळाला?"

हे ऐकून निंबाजीरावांना राहवेना. त्यांनी आपल्यातला एक उचलला. "सरकार, माझाही एक घ्यावा!"

"थांबा!" सगुणा ओरडली. "मग तुमचे पाचच उरतील. शेजारच्यांच्या पानावर आहेत तेवढेच!"

निंबाजीरावांनी अनारसा झटकन परत ठेवला.

राजेसाहेब इतके हसले, इतके हसले, की मिशीतली खसखस अंगरख्यावर सांडली. हातातले सोन्याचे कडे काढून त्यांनी सगुणाला दिले आणि हैबतीच्या पाठीवर थाप मारली.

"चूल तुझीच रे! फक्त राणीसाहेबांच्या माहेरी निरोप धाड. पुढच्या दिवाळीला म्हणावं, बावीस पाठवा!"