आधी वाढा, मग विचारा

एकदा एक शिष्य स्वतःच्याच कसबावर लुब्ध झाला. त्याचे गुरुजी म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिता लिहिता केस पिकलेले गृहस्थ. त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढल्यावर शिष्याला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. गावातल्या धर्मार्थ दवाखान्यासाठी केसपेपर काढायचा प्रोग्रॅम.

त्यात त्यानं जीव ओतला. अक्षर केवढं, आडनाव पुढे की मागे, कागद उभा की आडवा, चौकट कोणत्या रंगाची, सारं ज्याचं त्यानं ठरवावं. कुणाला काही कमी म्हणून पडू नये. संगणकाचा पडदा उघडला की आधी हे प्रश्न, मग रोग्याचं नाव. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं झालं.

केसपेपरच्या खिडकीवर अनसूयाताई बसत. वीस वर्षं त्यांनी हे काम वहीवर केलेलं. पहिल्याच दिवशी रांग फाटकाबाहेर गेली. कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि केसपेपर आडवे निघू लागले. नाव अर्धं कागदावर, अर्धं हवेत. तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन एक बाई उभी होती.

"ताई, लवकर करा ना!"

"करते गं बाई. पण हा मेला मलाच विचारतोय, चौकट निळी हवी की हिरवी! माझं लग्न ठरवतानाही मला कुणी एवढं विचारलं नव्हतं."

डॉक्टरांनी शिष्याला बोलावून सांगितलं, "शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर पुन्हा वही. रोग्यांना ताटकळत ठेवणारं यंत्र मला नको."

शिष्य एवढंसं तोंड करून गुरुजींकडे आला. "ताईंना शिकायचंच नाही. मी एवढी मुभा दिली, तिची कुणाला किंमत नाही."

"जेवून जा," गुरुजी म्हणाले.

पाट मांडला, केळीचं पान मांडलं. पण गुरुजी पळी घेऊन नुसते उभे. "मीठ कुठे वाढू?"

"कुठेही."

"कुठेही म्हणजे? डावीकडे की उजवीकडे? भाताची मूद पाडू की मोकळा वाढू? वरण आधी की तूप आधी? लिंबाची फोड उभी चिरू की आडवी?"

शिष्यानं चार-पाच उत्तरं दिली. भात निवत चालला आणि प्रश्न काही संपेनात. शेवटी तो कळवळून म्हणाला, "गुरुजी, पोटात कावळे ओरडताहेत! रीतीप्रमाणे वाढा की हो. नको असेल ते मी सांगेन."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. "अनसूयाताई दुसरं काय म्हणताहेत? बाळा, मीठ पानाच्या वर मधोमध, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. शेकडो पंगती जेवताना पाहून कुणीतरी हे ठरवलं, म्हणून जेवणाऱ्याचा हात न बघताही बरोबर जागी पडतो. कुणी डावखुरा असतो, कुणाला लसूण चालत नाही; त्याच्यासाठी वाढपी वाकतोच. पण मांडणी आधी, मुभा मागाहून. ठरवायचं काम तुझं होतं. ते तू त्या बाईच्या गळ्यात घातलंस आणि त्याला औदार्य म्हणालास."

"पण माझं ठरवणं चुकलं तर?"

"म्हणून तर आधी बघायचं असतं. त्या खिडकीत तू किती वेळ बसलास?"

 शिष्य एक तासही बसला नव्हता.

पुढचे दोन दिवस तो ताईंच्या मागे स्टूल टाकून बसला. दहातल्या नऊ जणांना नाव, वय, गाव एवढंच सांगायचं असे. शुक्रवारभर बसून त्यानं सगळं स्वतः ठरवून टाकलं आणि बदलाच्या साऱ्या सोयी आतल्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवल्या.

शनिवारी पडदा उघडला तो थेट नावाच्या जागी. रांग सरकू लागली. एका म्हाताऱ्याला बारीक अक्षर दिसेना, तेव्हा ताईंनी कोपरा उघडून मोठ्या अक्षरात कागद काढून दिला. डॉक्टर दोनदा जवळून गेले. वहीचं नावही निघालं नाही.

कुणी काही बोलेल म्हणून शिष्य दुपारपर्यंत थांबला. मग ताईंनी मान वर केली.

"तू अजून इथंच? जा की घरी. तुझं काय काम आता इथं?"

शिष्यानं हसून स्टूल उचललं. चार वर्षांत एवढी मोठी शाबासकी त्याला कुणी दिली नव्हती, आणि ती शाबासकी आहे हे त्याला कळण्याइतका तो आता शिकला होता.