मिशीवाली पाहुणी

फार पूर्वी डॅन्यूब नदीवर एक गिरणीवाला राहत असे. नदीकाठी नाही हं, नदीवरच! दोन होड्या शेजारी शेजारी बांधलेल्या आणि मधे मोठं लाकडी चाक. वाहतं पाणी चाक फिरवायचं आणि होडीत गहू दळला जायचा. डॅन्यूब आहेच तशी कामसू. दाट जंगलात उगम पावते आणि कितीतरी देश ओलांडून काळ्या समुद्राला मिळते. काठावरची भाषा बदलते, पाणी मात्र तेच.

गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सासर नदीच्या वरच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड होडीतून येणार होतं आणि घरात पाव-मधापलीकडे काही नव्हतं. व्याह्यांपुढे मान खाली जाणार, या काळजीने गिरणीवाल्याला घास गोड लागेना.

तेवढ्यात त्याचं जाळं जड झालं. आत होता होडीएवढा स्टर्जन मासा! पाठीवर हाडांच्या ढाली, तोंडाखाली चार मिश्या, त्यांतली एक अर्धी तुटलेली. गिरणीवाला नाचलाच. "पोरी, अख्खं वऱ्हाड जेवेल!" मासा ताजा राहावा म्हणून त्याने तो दोरीने पाण्यातच बांधून ठेवला.

मुलगी वाकून बघू लागली. "बाबा, मिश्या अगदी मामासारख्या! पण पोट बघा केवढं. ही मादी आहे, गाभोळीने भरलेली. समुद्रातून पोहत आलीय, नदीच्या वरच्या अंगाला दगडगोट्यांमधे अंडी घालायला."

"मग उद्या ताटात काय वाढू? तुझ्या सासूबाईंना नुसतं पाणी पाजू?"

"माझ्याच सासरी निघालीय हो ती, माझ्याआधी."

गिरणीवाल्याने चाकू काढला. मग सुस्कारा सोडून त्याने दोरी कापली. शेपटीचा असा फटका बसला की तो डोक्यापासून पायापर्यंत भिजला.

"जाताना तरी नीट जा, बाई!" तो ओरडला. मुलगी पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. गिरणीवाल्याने टोपी काढली. "व्याही, पाव आणि मधच आहे. गोड मानून घ्या."

"अहो, जेवणाचं काय घेऊन बसलात!" व्याह्यांनी गिरणीच्या होडीवर उडीच मारली. "स्टर्जनची पहिली मादी नदीतून वर चढल्याशिवाय आमच्या गावात जाळं पडत नाही, की नवी सून उंबरा ओलांडत नाही. यंदा एकही आली नव्हती. लग्न पुढे ढकला, असंच सांगणार होतो. आणि आज सकाळी एक आमच्या होडीला घासून गेली की! केवढी थोरली! एक मिशी तुटकी!"

गिरणीवाल्याने मुलीकडे पाहिलं. ती गालातल्या गालात हसत होती.

"आमच्याकडचीच ती," तो ऐटीत म्हणाला. "लेक येतेय म्हणून सांगायला पुढे धाडली होती."

मग काय! पाव-मधावर सगळे तुटून पडले आणि चाकाच्या तालावर पोटभर नाचले.

त्या उन्हाळ्यात इवलाली पिल्लं चाकाजवळून समुद्राकडे निघाली. गिरणीवाला टोपी हलवून म्हणाला, "सावकाश जा रे, नातवंडांनो!"

तात्पर्य: नदी कुणा एकाच्या दारात थांबत नाही. आपण तिच्या वाटसरूंना वाट दिली, की आनंद वरच्या गावीही पोचतो आणि वाहत आपल्याकडेही येतो.