कोरा विस्तव

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गाव प्रभूला मानणारं. गावाच्या मधोमध, चिंचेच्या सावलीत, प्रभूचं एक साधं घर होतं. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर आणि आत एक लाकडी मेज. बस्स, एवढंच.

सुगी संपली की पहिल्या रविवारी त्या मेजावर एक भाकर यायची. नव्या गव्हाची, चांगली परातीएवढी. तिथली उपासना चालवणारे पाळकबाबा ती मोडायचे आणि सगळं गाव त्या एकाच भाकरीतला घास खायचं. पाटलाला मोठा तुकडा आणि गुराख्याला लहान, असलं काही तिथं चालायचं नाही.

त्या भाकरीची एक रीत होती. पीठ घरचं चालेल, पाणी घरचं चालेल, पण चूल पेटवायला विस्तव मात्र स्वतःच्या घरचा चालायचा नाही. तो मागून आणायचा. आणि कुणाकडून? ज्या घराशी आपलं बोलणं बंद असेल, त्या घरातून!

हसू नका. प्रभूची आज्ञा आहे ना, की अर्पण आणण्याआधी ज्याचं मन दुखावलंय त्याच्याकडे जा, समेट करा आणि मग या? आज्ञा ऐकताना आपण माना डोलवतो आणि घरी पोचेपर्यंत विसरतो. म्हणून गावातल्या जुन्या माणसांनी तिला ही विस्तवाची रीत जोडून दिली होती. विस्तव मागायचा म्हणजे दार वाजवावं लागतं, आणि दार वाजवलं की तोंड उघडावंच लागतं. ज्याच्या चुलीतून विस्तव आणला, तो माणूस मग भाकरीबरोबर चालत मेजापर्यंत यायचा.

भाकर भाजायचा मान कैक वर्षं दुर्कसबाईकडे होता. बाई भारी नेमाची. गहू एकेक दाणा निवडून घ्यायची, झऱ्यावर धुवायची, सावलीत वाळवायची. पीठ मळताना तोंडातून शब्द काढायची नाही. त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात कुणी शिंकलं तरी डोळे वटारायची. "देव पवित्र आहे," ती म्हणायची, "त्याच्यापुढं गबाळेपणा चालत नाही." आणि बोलणं खरंच होतं. देवाचं काम उरकून टाकणाऱ्यांतली ती नव्हती.

पण त्या वर्षी एक घोळ झाला होता.

दुर्कसबाईच्या समोरच तिची धाकटी जाऊ राहायची, शलोमी. बिचारीचा नवरा तापानं गेलेला. मागं ती, एक शेळी आणि ते दोन खणांचं घर. एके दिवशी शेळी सुटली आणि दुर्कसबाईचा घेवड्याचा वेल मुळापासून खाऊन बसली. आता शेळीच ती, तिला कुठं कळतंय वेल कुणाचा! पण दुर्कसबाईचं डोकं फिरलं. शब्दानं शब्द वाढला, आणि भर रस्त्यात, चार माणसांसमोर ती बोलून गेली, "तुझ्या पायगुणानंच माझा दीर गेला!"

शलोमी शेळीला दाव्यानं ओढत आत गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

भाकरीच्या सणाच्या आदल्या दिवशी दुर्कसबाईचा नवरा नथनेल गोठ्यातून आला आणि उंबऱ्याशी घुटमळला.

"ऐकलंस का? शलोमी सण झाला की भावाकडे निघाली म्हणे, घाटापलीकडे. कायमची."

"जाईना का. मी काय तिचे पाय धरून ठेवलेत?"

"माझ्या भावाचं तेवढंच माणूस उरलंय इथं." नथनेलनं समोरच्या दाराकडे पाहिलं. "उद्या विस्तव तिच्याकडूनच आणायला हवा. जाशील ना?"

"तुम्ही तुमचे बैल बघा. भाकरीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना दुर्कसबाई न्हाली. धुवट लुगडं नेसली. कणीक मळून झाली आणि विस्तव आणायला तिनं हातात खापर घेतलं. उंबऱ्यापर्यंत आली. समोर शलोमीच्या छपरातून धूर निघत होता. चार पावलांचा तर रस्ता! पण पाय काही उचलेना. दारात जाऊन म्हणायचं काय? "विस्तव दे" एवढ्यावर भागणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि तेवढ्यात तिच्या मनात एक विचार आला.

'त्या चुलीवर काय काय शिजलं असेल कुणास ठाऊक. सुकट, वांगी, रात्रीचं शिळंपाकं. असला उष्टा विस्तव देवाच्या भाकरीला? छे! देव पवित्र आहे. त्याला कोरा विस्तव हवा. ज्यावर कुणी कधी काही शिजवलं नाही असा.'

पाहिलंत मंडळी, आपलं मन किती हुशार असतं? जायचं नव्हतं शलोमीच्या दारी, आणि नाव झालं देवाच्या पवित्रतेचं!

दुर्कसबाईनं चकमक काढली, कापसावर ठिणगी पाडली आणि चूल पेटवली. भाकर काय झाली म्हणून सांगू! टम्म फुगली, कुठं काळा डाग नाही, कुठं चीर नाही. इतक्या वर्षांत तशी भाकर झाली नव्हती. दुर्कसबाईला आनंद झाला. देवाला ही आवडणारच, असं तिनं स्वतःला बजावलं. पांढऱ्या फडक्यात भाकर गुंडाळून ती प्रभूच्या घराकडे निघाली. बरोबर दुसरं कुणी नव्हतं, हे लोकांनी पाहिलं.

दारात पाळकबाबा उभे होते. म्हातारे, वाकलेले, पण नजर जागी. दरवर्षीचा प्रश्न त्यांनी विचारला, "दुर्कस, विस्तव कुणाच्या चुलीचा?"

"यंदा कुणाच्याच चुलीचा नाही, बाबा. कोरा आहे. चकमकीवर पाडलाय, खास देवासाठी."

लोकांत कुजबुज झाली. काहींना तर ते फार आवडलं. वा, काय भक्ती बाईची!

"कोरा विस्तव देवानं मागितला होता का गं?" पाळकबाबांनी हळूच विचारलं.

"मागितला नव्हता. पण तो पवित्र आहे, बाबा. उष्ट्या चुलीतला विस्तव त्याला कसा चालेल?"

"आजवर चालला की."

दुर्कसबाईनं हातातलं फडकं सावरलं.

"पोरी, मालकानं चाकराला सांगितलं, अमक्याच्या घरी जा आणि त्याला बोलावून आण. चाकर गेलाच नाही, त्यानं मालकाचं अंगण सारवून ठेवलं. अंगण सुरेख झालंय, नाही कोण म्हणतं? पण बोलावणं राहिलंच ना?"

त्यांनी फडकं उघडून भाकर पाहिली. "भाकर झकास झालीय. लेकरं सकाळपासून उपाशी आहेत, त्यांना वाटून द्या. मेजावर नको."

त्यापेक्षा ते चार शब्द रागावले असते तर दुर्कसबाईला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा लालबुंद झाला. एवढी वर्षं राबले त्याचं हे फळ? "बाबा, नव्या गव्हाचं पीठ तेवढंच होतं," ती म्हणाली. "आणि ऊन चढतंय. लोक थांबायचे किती वेळ?"

"लोकांचं लोक बघतील. मी थांबतो." पाळकबाबा पायरीवर टेकले. "आणि तू आलीच नाहीस, तर यंदा मेज रिकामं राहील."

दुर्कसबाईनं दारातून आत पाहिलं. दरवर्षी त्या मेजाकडे पाहताना तिला आपली भाकर दिसायची, कशी भाजलीय, किती फुगलीय. आज मेजावर काही नव्हतं. नुसतं मेज होतं, आणि ते कुणाचं आहे, हे तिला पहिल्यांदा नीट कळलं. प्रभूनं सांगितलेलं तिनं ऐकलं नव्हतं, आणि वर त्याच्याच नावानं ताठ मानेनं दारात येऊन उभी राहिली होती. ती तशीच मागं फिरली, आणि घरून खापर घेऊन थेट शलोमीच्या दारात गेली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोपऱ्यात बोचकं बांधून ठेवलेलं. शलोमी चुलीपुढं बसून फुंकणीनं फुंकत होती, धुरानं डोळे लाल झालेले. चुलीवर भांडं नव्हतं. काही शिजत नव्हतं आणि काही शिजलंही नव्हतं.

"शलोमी, तू आली नाहीस गं उपासनेला?"

"कशी येऊ, जाऊबाई? विस्तव विझला असता." शलोमीनं मान वर केली नाही. "पहाटेपासून जळण घालतेय. म्हटलं, रीत आहे, तुम्ही याल. मग ऊन वर आलं. म्हटलं, आता काही येत नाहीत."

दुर्कसबाई तिच्याजवळ खाली बसली. खापर बाजूला राहिलं.

"मी खोटं बोलले गं. दीर तापानं गेले. तू रात्र रात्र उशाशी बसलीस, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पाहूनसुद्धा तसं बोलले. तुला लागावं म्हणूनच बोलले."

"फार लागलं, जाऊबाई." शलोमीला हुंदका आवरेना. "हे गेले तेव्हासुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा तुम्ही होतात."

"मला क्षमा कर. कर म्हणायलाही तोंड नाही, पण कर."

शलोमीनं पदरानं डोळे पुसले. चुलीत आणखी दोन काटक्या सारल्या. दुर्कसबाई बसून राहिली, तिनं घाई केली नाही. मग शलोमीनं चिमट्यानं चांगले रसरशीत निखारे निवडले आणि खापरात ठेवले. "चला," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."

नवं पीठ नव्हतंच. शलोमीच्या डब्यातलं जाडंभरडं पीठ घेतलं, चाळायला वेळ नव्हता. दुर्कसबाईनं आपल्या घरी त्या निखाऱ्यांवर चूल पेटवली, शलोमीनं कणीक मळली. दोघीही बोलत होत्या आणि मधूनच रडत होत्या, मग भाकरीकडे लक्ष कुणाचं असणार? एका बाजूनं ती करपली आणि मधोमध चीर गेली.

दोघी बरोबर निघाल्या. ऊन डोक्यावर आलं होतं, पण लोक चिंचेखाली बसून होते, एकही घरी गेला नव्हता. नथनेलनं दोघींना येताना पाहिलं आणि तोंड फिरवून उपरण्यानं डोळे टिपले.

"विस्तव कुणाच्या चुलीचा?" पाळकबाबांनी विचारलं.

"शलोमीच्या."

पाळकबाबा बाजूला झाले. ती करपलेली, चिरलेली भाकर मेजावर ठेवली गेली. त्यांनी ती मोडली आणि घास वाटत आले. दुर्कसबाईची पाळी आली तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले. दरवर्षी घास घेताना ती मनात म्हणायची, 'यंदा छान भाजलीय हो.' त्या दिवशी तिला एवढंच म्हणता आलं, "प्रभू, मी उशिरा आले."

शलोमी घाटापलीकडे गेली नाही. भाकर भाजायचा मानही दुर्कसबाईकडेच राहिला, पण त्यानंतर कुणी तिच्या भाकरीचं कौतुक केलं की ती अवघडून जायची आणि म्हणायची, "आधी विस्तव कुठून आणला ते विचारा."

लहानथोरांनो, एवढं मनात ठेवा: देव पवित्र आहे, म्हणून त्याची सेवा आपल्याला सुचेल तशी नव्हे, तर त्यानं सांगितली तशीच, भीडभाड आणि मीपणा सोडून करावी.