केराईचं दुसरं टोक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा निंबखोऱ्याच्या वेशीला दरवाजा होता आणि तो दिवस मावळायच्या आत लागायचा, कारण मुलखात पेंढाऱ्यांच्या टोळ्या लुटालूट करत फिरत होत्या. त्या काळी वेशीबाहेरच्या मांगवाड्यात केराई राहायची. घायपाताचे दोर वळणं हे तिचं काम. गावच्या विहिरीचा नाडा तिचा, बैलांची दावी तिची, तिरडीची सुतळीसुद्धा तिचीच. बदल्यात सुगीला धान्य मिळायचं, तेही लांबून पदरात टाकलेलं. केराई महा फटकळ होती. तिच्या तोंडाला लागायला भलेभले कचरायचे, असं म्हणतात.

आता दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं पीळ द्यायचा आणि दुसऱ्यानं टोक धरून ताण सांभाळायचा. नवरा गेल्यापासून केराई ते दुसरं टोक बाभळीच्या खोडाला बांधायची. दोर व्हायचा, पण तिच्या मनाला यायचा नाही. झाडाला ताण कळत नाही, म्हणून ती स्वतःशीच करवादायची.

त्या साली गावची लेक सगुणा माहेरी परत आली. तिच्या सासरच्या गावावर पेंढारी पडले, तेव्हा नवऱ्यानं तिला धान्याच्या पेवात उतरवलं आणि वर दगड ओढला. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी, गळ्याशी अरुंद आणि पोटात काळोखी. सगुणा खाली बसून राहिली आणि वर तिचं घर माणसांसकट जळालं. दगडाच्या फटीतून धूर खाली येत होता. कुणीतरी तिला बाहेर काढलं, तेव्हा हाक मारायला तिचं असं कुणी उरलं नव्हतं.

माहेरी भाऊ होता, रावजी. त्यानं तिला मायेनं ठेवून घेतलं. पण दिवस मावळून घरोघरी चुली पेटल्या, की सगुणा घागर घेऊन धावत सुटायची. दिसेल त्या घरात शिरायची आणि चुलीवर पाणी ओतायची. आधी लोक हसले. मग रोजच भाकऱ्या ओल्या व्हायला लागल्या, तसं त्यांचं हसू आटलं. "कुटं हाय आग? काय बी जळत न्हाई, जा घरला," म्हणून तिला दारातून हाकलायला लागले. आणि एका संध्याकाळी तिनं शेजारच्या अनुबाईचं तान्हं पोर पाळण्यातून उचललं आणि त्याला पोटाशी धरून चावडीमागच्या रिकाम्या पेवात उतरली. पेवातली हवा वाईट. उतरलेला माणूस धड वर येईलच असं नाही. पोर काळंनिळं होऊन वर आलं. वाचलं, पण गावाचा धीर सुटला.

सगुणेचं काय करायचं, ते ठरायला मग वेळ लागला नाही. येत्या अवसेला तिला चावडीच्या खांबाला बांधायचं आणि भिवा देवऋष्यानं मिरच्यांची धुरी द्यायची. अंगात शिरलंय ते पळून जाईल. दोर केराईनं आणायचा.

ते ऐकून केराईला जुनी गोष्ट आठवली. मागं गणू नावाच्या एका भ्रमिष्टाला त्याच खांबाला, तिच्याच दोरानं बांधलं होतं. धुरीत तो गेला. दोरावरचं त्याचं रक्त तिनं ओढ्यावर धुतलं होतं आणि तो दोर पुन्हा कुणाला दिला नव्हता. आणि ही पोर तर धुरालाच भ्यालेली! तिला धूर द्यायचा, ही कुठली अक्कल? पण नाही म्हणावं तर बलुतं बंद, आणि झोपडीही जाणार. केराई चरफडत बसली आणि दोर वळत राहिली. तो दोर तिनं कुटून कुटून मऊ केला आणि लांबच लांब वळला. रावजी विचारायला आला, "एवढा लांब कशापायी गं?" तर ती त्याच्यावरच खेकसली, "तुझी भन हाय, जनावर न्हवं. पुरायला नगं?"

अवस आली. दिवस कलला तसा गाव चावडीपुढं जमला. भिवाची शेगडी फुललेली, शेजारी सुपात लाल मिरच्या. रावजी आणि दोघंतिघं गडी सगुणेला धरून उभे होते. रावजीचा चेहरा बघवत नव्हता. केराईनं दोर लांबून टाकायचा आणि मागं सरायचं, ही रीत. त्या दिवशी ती मागं सरली नाही. सरळ चालत आली, सगुणेच्या कमरेला दोराचं एक टोक गुंडाळून तिनं गाठ मारली आणि लोकांनी तोंड उघडायच्या आत दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधून मोकळी झाली.

"केरे, सोड! ते टोक खांबाला बांध," पाटील गरजले.

"न्हाई जी पाटील. खांबाला ताण कळत न्हाई."

सगुणेला धरून उभे असलेले गडी तर केव्हाच उडी मारून बाजूला झाले होते. आता त्या दोघींना सोडवायचं तर केराईला हात लावावा लागणार, आणि विटाळ कोण घेणार? ज्या शिवाशिवीनं तिला जन्मभर वेशीबाहेर ठेवलं, तीच त्या दिवशी तिच्या कामी आली. एकही माणूस पुढं झाला नाही.

"ऱ्हाऊ द्या की, एका धुरीत दोगींची भुतं निघत्याल," भिवा हसून म्हणाला आणि त्यानं मूठभर मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या.

धूर उठला. सगुणेनं तो पाहिला आणि अशी किंकाळी फोडली की दावणीची गुरं उधळली, असं म्हणतात. ती सुसाट पळाली. मागोमाग केराई फरपटली, गुडघे फुटले, लुगडं फाटलं. चावडीमागच्या पेवाचा दगड अजून बाजूलाच पडला होता. सगुणा आत शिरली आणि दोराबरोबर केराईही.

आत काळोख. श्वास जड. केराईची छाती दडपली, आणि खरं सांगायचं तर ती भयंकर घाबरली. पोरीला ओढावं, ढकलावं, कसंही करून वर न्यावं, असं तिच्या मनात आलं. पण कमरेचा दोर थरथरत होता. इतका ताणलेला धागा ओढला की तुटतो, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. ती गप्प बसली.

"वर जळतंय," सगुणा पुटपुटली.

"मी बघून येते. तू दोर धर. असंल ते खरं सांगीन."

केराई पेवाच्या गळ्यातून वर चढली आणि डोकं बाहेर काढून तिनं गावाकडं पाहिलं. मग खाली तोंड करून ओरडली, "जळतंय गं पोरी! घरोघरच्या चुली जळत्यात. भिवाची शेगडी जळतीया. पर मानूस कुनी जळत न्हाई."

आजवर सगुणेला हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, काही जळत नाही.

खालून आवाज आला, "इझवा."

"इझवा सगळं!" केराईनं गावाला सांगितलं. "त्याबिगर ती येत न्हाई."

अवसेच्या दिवशी भरल्या घरात चूल विझवायची? एकही बाई घराकडं वळली नाही. पेवातून आता काही ऐकू येईना. केराईच्या कमरेचा दोर हळूहळू सैल पडायला लागला, तशी ती कळवळून ओरडली, "दोर ढिला पडतोय! आरं, पोर चालली!"

तेव्हा गर्दीतून अनुबाई पुढं आली. जिचं तान्हं सगुणेनं नेलं होतं, ती. तिनं डोईवरची घागर भिवाच्या शेगडीवर उपडी केली. "माझ्या लेकराला मारायला न्हाई, जाळापास्नं वाचवायला नेलं हुतं तिनं," ती रडत म्हणाली आणि आपली चूल विझवायला घरी पळाली. तिच्यामागं रावजी पळाला. मग एकेक घर काळोखात गेलं, पाटलांचंसुद्धा.

"इझल्या गं! समद्या इझल्या!" केराई खाली ओरडली.

मग दोराला एक हिसका बसला. सगुणा स्वतःच्या हातांनी दोर धरून वर आली. तो दोर त्या संध्याकाळी पेवाच्या तळापर्यंत आपोआप वाढला होता, असं म्हणतात. केराईनं तिला तसंच गावातून फिरवलं आणि प्रत्येक विझलेली चूल हात लावून बघू दिली. त्या रात्री विटाळाचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी अनुबाईच्या घरी केराईनं तिच्या हातात काटकी दिली. सगुणेनं खूप वेळ घेतला. मग तिनं स्वतःच चूल पेटवली आणि तिथंच बसून ढसाढसा रडली.

ती ठणठणीत बरी झाली, असं मात्र कुणी म्हणत नाही. वाईट दिवस येत राहिले, आणि त्या दिवशी कमरेला दोर बांधून दोघी गावभर हिंडायच्या. बऱ्या दिवशी सगुणा बाभळीजवळ बसून दोराचं दुसरं टोक धरायची. पुढं लांबलांबच्या गावांहून माणसं येऊ लागली, साखळदंडात बांधलेली, गाडीत कोंबलेली. केराई आधी आणणाऱ्यांना शिव्या घालायची, मग साखळी सोडायची. तिचा दोर कधी झिजला नाही आणि कुणाला कधी काचला नाही, असं म्हणतात.

आता तिथं पेव नाही, वेशीचा दरवाजाही नाही. चावडीत खुंटीला एक मऊ दोर टांगलेला असतो, एवढंच. आता तो कुणाला बांधत नाहीत. गावात कुणाचं मन बिघडलं, तर त्याला एसटीनं तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेतात आणि गोळ्या वेळेवर देतात. पण त्याआधी, दिवस मावळताना, कुणीतरी तो दोर त्याच्या दारात नेऊन ठेवतं आणि मोठ्यानं विचारतं, "दुसरं टोक कुणाकडं?" आणि कुणी पुढं होऊन "माझ्याकडं" म्हणेपर्यंत निंबखोऱ्यात एकही चूल पेटत नाही.