तिसरा कौल

भक्तजनहो, आंबेरखोल हे खाडीकाठचं एवढंसं गाव. एका चातुर्मासात आर्जवनाथ महाराज तिथे येऊन राहिले आणि गाव आनंदून गेलं. पोटात दुखू लागलं ते एकाच माणसाच्या. ते म्हणजे विश्वंभरशास्त्री.

शास्त्रीबुवा बारा वर्षं काशीत न्यायशास्त्र शिकून आलेले. महाराज आपल्याच ओटीवर उतरणार म्हणून त्यांनी घर सारवून ठेवलं होतं. महाराजांनी कांबळं टाकलं ते देवीच्या पुजाऱ्याच्या, धाकू गुरवाच्या पडवीत! ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या हातची पेज महाराज गोड मानून पितात, हे पाहून शास्त्रीबुवांचा नुसता जळफळाट होई.

गावासाठी देवीला कौल लावण्याचं काम धाकूचं. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि जी पाकळी आधी पडेल तो देवीचा शब्द. एकदा महाराजांसमोरच शास्त्रीबुवा त्याला म्हणाले, “काय रे धाकू, सत्य पाकळीला चिकटलेलं असतं होय? अरे, ज्याचं खंडन होत नाही असं एक तरी प्रमाण दाखव. शहाण्यानं कुठलीच बाजू घेऊ नये. संशयात राहावं, सुखात राहावं.”

“तुम्ही शिकलेले, बुवा,” धाकू म्हणाला. “मला आपलं आईला विचारायचं नि ती सांगेल त्या कामाला लागायचं, एवढंच येतं.”

महाराज त्याच्याकडे पाहून मायेनं हसले. ते हसणं शास्त्रीबुवांच्या जिव्हारी लागलं.

पुढे आठच दिवसांनी शास्त्रीबुवांची एकुलती लेक द्वारका बाळंतपणासाठी माहेरी यायला निघाली. वाटेत गाडीचा आस मोडला. गाडीवान लांबच्या गाडीरस्त्यानं लंगडत गावात आला आणि म्हणाला, “ताई चालत पुढे निघाल्या. आल्या नाहीत का अजून?” तिठ्यावरून जवळच्या दोन पायवाटा फुटत होत्या, एक डोंगराची, एक खाडीतली. खाडीला भरती लागायला घटकाभरच वेळ उरला होता. गावातले पुरुष आठवडी बाजाराला गेलेले. डोली उचलायला दोन खांदे लागतात, आणि गावात धडधाकट खांदे दोघांचेच, शास्त्रीबुवांचे आणि धाकूचे. एकच वाट धरता येणार होती. डोंगर म्हणावा तर खाडी आठवे, खाडी म्हणावी तर डोंगर. शास्त्रीबुवांचे पाय जागचे हलेनात. अखेर धाकूनंच त्यांना देवळात नेलं आणि कौल लावला, उजवी पडली तर खाडी, डावी पडली तर डोंगर. उजवी पाकळी पडली. खाडी.

धाकू डोलीकडे धावला. शास्त्रीबुवा म्हणाले, “थांब. वाऱ्यानं पडली असेल. पुन्हा लाव.”

पुन्हा उजवीच पडली.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा एकही पाकळी हलली नाही. धाकू हात जोडून उभा, शास्त्रीबुवा घामाघूम, आणि पाकळ्या तशाच चिकटलेल्या.

कोपऱ्यात बसलेले महाराज म्हणाले, “शास्त्रीबुवा, हा तिसरा कौल लेकीसाठी लावलात, की धाकूला खोटं पाडायला?”

शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. ते म्हणाले, “देवी त्याला उत्तर देते. मी जन्मभर शिकलो, मला कोणी देत नाही. मला ते बघवत नाही, महाराज.”

“शंका जरूर घ्यावी,” महाराज म्हणाले. “कौल लावण्याआधी धाकूसुद्धा वारा येऊ नये म्हणून दार लोटून घेतो. पण शंका घ्यायची ती खरं काय ते कळावं म्हणून. कळूच नये म्हणून कोणी घेतं का? उठा, पोर वाट बघतेय.”

दोघांनी डोली खांद्यावर घेतली. खाडीत पोचले तेव्हा भरती केव्हाच लागली होती, चहूकडे छातीभर पाणी. आणि मधल्या खडकावर द्वारका बसलेली, तिच्याभोवती हातभर जागा मात्र कोरडी! दोघे पाणी तुडवत गेले आणि तिला डोलीत घालून वर आणलं.

“बाबा, एक साधू पाण्याकडे पाठ करून माझ्यापुढे उभे होते,” ती म्हणाली. “म्हणाले, तुझा बाप निघालाय, जरा विचारात अडकलाय, पण येईल.”

लेकीला घरी पोचवून शास्त्रीबुवा देवळात धावले. महाराज त्याच कोपऱ्यात बसले होते. अंगावरची छाटी पाठीकडून ओलीचिंब होती. शास्त्रीबुवांच्या मनात आलंच, कुणी घागर ओतली असेल. त्यांनी ओल्या पदराला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. खारट होतं.

“चाखलंत ते बरं केलंत,” महाराज म्हणाले.

शास्त्रीबुवांनी दुसऱ्यांदा चाखलं नाही. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखे रडले.