रत्नाच्या नावातला त

बोरखेडीत लिंबाजी नावाचा एक भोळा गवंडी होता. त्याला अक्षरओळख नव्हती. बायको रत्ना चौथी शिकलेली. तिने डब्यांवर नावं लिहून ठेवली होती. सासरा पाहुणा आला, तेव्हा लिंबाजीने चहा केला आणि साखर म्हणून धुण्याचा सोडा घातला. सासरा तो प्यायला.

रत्ना बापाबरोबर माहेरी गेली. जाताना म्हणाली, "माझं नाव स्वतःच्या हाताने लिहून पत्र पाठवा. तेव्हाच येईन."

लिंबाजी कुलथे गुरुजींकडे गेला. महिनाभर बाराखडी घोटली. मग विचारलं, "गुरुजी, आता पत्र कसं लिहू?"

"सोपं आहे. एका आवाजाला एक अक्षर. तोंडातून निघेल तेच कागदावर उतरवायचं."

लिंबाजी ओट्यावर बसून मोठ्याने बोलत लिहू लागला. इतक्यात कुत्रं आलं. पत्र झालं, 'घरी ये हड हड चल निघ.'

पत्र परत आलं. मागे लिहिलं होतं, 'हड कुणाला म्हणता?'

गुरुजींनी ते वाचलं. "अरे, मनात म्हणून लिही. आणि हाडचा काना खाल्लास तो."

"नाही गुरुजी. मी भाकरीच खाल्ली."

"काना द्यायला हात आखडू नकोस, असं म्हणतोय मी."

लिंबाजीने मनात म्हणून लिहिलं, 'परत ये.' बघितलं तर परतमध्ये एकही काना नाही. त्याने मधल्या र ला एक दिला.

चार दिवसांनी मेहुणा दगडू आला. डोक्यावर पितळी परात.

"दाजी, ही घ्या. आली परात."

"रत्ना कुठाय?"

"तिला कुठं बोलावलंय? तुम्ही परातीला बोलावलंत. ताई म्हणते, तिचं नाव लिहाल तर ती येईल."

लिंबाजी पुन्हा गुरुजींकडे. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"रत्नामध्ये जोडाक्षर आहे. नीट ऐक. र. मग त. त चा पाय मोडला, की ना. आणि सारखा माझ्याकडे धावत येऊ नकोस. उत्तर आलं म्हणजे समज, पत्र बरोबर झालं. उत्तराशिवाय काही खरं नाही."

लिंबाजीने गुरुजींचं सांगणं जसंच्या तसं उतरवलं, 'र त पाय मोडला ना. परत ये.' दगडू तोवर निघून गेला होता, म्हणून कागद टपालात टाकला.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने रत्ना आली. डोळे सुजलेले, हातात तेलाची बाटली.

"कुठला पाय मोडला?"

"त चा."

"कुणाचा?"

"त चा. तुझ्या नावातला."

रत्नाने त्याचे दोन्ही पाय चाचपले. धड होते. मग ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"चुकीचं लिहिलंत, पण माझंच लिहिलंत. राहते मी."

संध्याकाळी गुरुजी पारावर भेटले. "काय रे, उत्तर आलं का?"

"नाही गुरुजी. ती स्वतःच आली."

"मग झालं की. काय करतेय?"

"गेली."

"कुठे?"

"मी विचारलं, उत्तर आणलंस का. म्हणाली, मीच आले, आता उत्तर कशाला. मी तुमचा शब्द मोडणार आहे का? दुपारच्या एसटीत बसवून दिली. म्हटलं, आधी उत्तर लिही."